गिऱ्हाइकाशी बोलता, तसंच लिहा

"आमच्या येथे उत्कृष्ट दर्जाचे, शुद्ध, घरगुती व पारंपरिक पद्धतीने बनविलेले सर्व प्रकारचे कोकणी पदार्थ योग्य दरात मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या."

हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं आहे. पाटीवर वाचलं असेल, पिशवीवर वाचलं असेल, व्हॉट्सॲपवर तर रोजच येतं. यातले 'कोकणी पदार्थ' काढा आणि तिथे 'दिवाळी फराळ' घाला, किंवा 'मसाले' घाला, काही बिघडत नाही. कोणाच्याही दुकानावर चिकटवता येतं, म्हणजेच ते कोणाचंच नाही.

आता ज्या बाईने ही पाटी रंगवून घेतली, ती मुंबईत महालक्ष्मी सरसच्या, म्हणजे बचत गटांच्या प्रदर्शनातल्या, स्टॉलवर उभी असते तेव्हा कशी बोलते ते ऐका. "थांबा हो थांबा, ते सरबत नाही, आगळ आहे, कोकमाचा मीठ घातलेला रस. खारट असतं ते. घरी जाऊन नुसतं पाणी घालून प्याल आणि मला शिव्या घालाल. सरबत हवं तर ही बाटली न्या. सोलकढी करणार असाल तर मात्र आगळच. आणि मीठ आधी घालू नका हां, आगळ घातल्यावर चाखून बघा, मग ठरवा." समोरची बाई हसते आणि दोन्ही बाटल्या घेते.

म्हणजे बोलता येतं. लिहायला बसलं की मात्र तीच बाई 'उत्कृष्ट दर्जाचे' म्हणू लागते.

माझा कुडाळ तालुक्यात कोकमाचा घरगुती धंदा आहे. सोलं (रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, वाळवलेली साल), आगळ, सरबत, हंगामानंतर थोडं कोकमतेल. आमच्या आणि आजूबाजूच्या बचत गटांतल्या बायका लेबलं, मेसेज, गुगलवरची ओळख असलं काही लिहायचं असलं की माझ्याकडे येतात. मी त्यांना लिहून देत नाही, त्यांच्याकडून वदवून घेते. ते कसं, तेच इथे सांगते आहे. उदाहरणं कोकमाची जास्त येतील, कारण मला त्यातलं कळतं. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचा माल घालून बघा.

आधी बोला

कोरा कागद घेऊन बसू नका. हातात पेन आलं की शाळेतला निबंध बाहेर येतो आणि त्यामागोमाग ग्रामपंचायतीची नोटीस. 'कळविण्यास आनंद होत आहे की' असं आपल्या घरात कोणी बोलत नाही, पण कागदावर ते आपोआप उतरतं.

त्यापेक्षा फोनमधलं रेकॉर्डिंग चालू करा आणि समोर कोणाला तरी बसवा. ज्याला तुमच्या मालातलं काही कळत नाही असं माणूस हवं. पुण्याची भाची चालेल, नवीन सून चालेल, शाळेत बदलून आलेल्या बाई चालतील. नवरा चालणार नाही, त्याला सगळं माहीत असतं आणि तो मधेच बोलतो. समोरच्याने फक्त विचारायचं: हे काय आहे? कसं खायचं? एवढं महाग का? दुसरीकडे स्वस्त मिळतं की. शेवटचा प्रश्न जरूर विचारायला लावा. त्याला उत्तर देताना माणूस खरं बोलायला लागतो.

दहा मिनिटं पुरतात. मग ते ऐकत ऐकत जसंच्या तसं उतरवून काढा. गुगलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाबला की बोललेलं टाइपही होतं. मालवणी त्याला झेपत नाही, भलतंच काहीतरी उमटतं, पण साधी मराठी ठीक येते.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते दाखवते. आमच्या गटातली एकजण शिवणकाम करते. तिची आधीची पाटी: 'सर्व प्रकारचे लेडीज ब्लाऊज फॅशनेबल शिवून मिळतील.' तिला मी विचारत गेले आणि ती बोलली ते असं:

"बघ आता, साधा ब्लाऊज असला ना, तर आठ दिवस. म्हणजे आठ म्हणते मी, पण लग्नसराई असली की पंधरा धरायचे. अस्तर आणलंस तर आण, नाहीतर माझ्याकडे असतं, पण सगळे रंग नसतात गो, तेव्हा साडी घेऊनच ये, म्हणजे लावून बघता येतं. आणि मापाला जुना ब्लाऊज आण. जो बसतो तो आण, कपाटात पडलेला नको. बायका नेमका तोच आणतात, बारीक होते तेव्हाचा. फॉल-पिको पण करते, पण तो दुसऱ्या दिवशी मिळेल, लगेच मागायचा नाही."

यातून उरलं ते असं:

"साधा ब्लाऊज आठ दिवसांत देते. लग्नसराईत पंधरा दिवस धरा. येताना साडी घेऊन या, म्हणजे अस्तराचा रंग लावून बघता येईल. मापाला जुना ब्लाऊज आणा, पण आत्ता अंगाला बसतो तो. बारीक होतात तेव्हाचा नको. फॉल-पिको दुसऱ्या दिवशी मिळेल."

काय गेलं? 'बघ आता', 'म्हणजे आठ म्हणते मी', एकच गोष्ट दोनदा सांगितलेली, आणि 'तू'. ती गावातल्या बायकांना 'तू'च म्हणते, पण मेसेज ओरोसच्या बँकेतल्या मॅडमनाही जातो, तिथे 'तुम्ही' हवं. काय राहिलं? आठ आणि पंधरा दिवस, साडी आणायचं कारण, आणि 'बारीक होतात तेव्हाचा नको'. हे शेवटचं वाक्य तिचा मुलगा काढायला निघाला होता. बरं दिसत नाही म्हणे. मी म्हटलं, सगळं काढ पण हे ठेव. वाचणारी बाई तिथेच हसते, कारण तिच्या कपाटात तो ब्लाऊज आहे. शिवणारीला आपलं सगळं ठाऊक आहे हे तिला तिथे पटतं. 'फॅशनेबल' या शब्दाने ते कधी पटलं नसतं.

म्हणजे बोलतो तसं लिहायचं याचा अर्थ बोललेलं सगळं ठेवायचं असा नाही. बोलताना आपण चाचपडतो, मागे जातो, पुन्हा सांगतो. ते सगळं कापा. पण तुम्ही ज्या क्रमाने सांगितलं तो क्रम, जे कारण दिलं ते कारण, आणि जिथे समोरचं माणूस हसलं किंवा 'असं होय!' म्हणालं ते वाक्य, याला हात लावू नका.

प्रश्नांची वही

फोनशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, सुधारून नको. एका हंगामात तुमची जाहिरात त्या वहीत तयार होते.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "सोलांवर पांढरं पांढरं दिसतंय. बुरशी आली का?"

नाही, ते मीठ. रातांब्याची साल वाळवताना तिला रातांब्याच्याच रसाची, मीठ घातलेल्या रसाची पुटं द्यावी लागतात. बुडवायचं, उन्हात घालायचं, पुन्हा बुडवायचं. सोल सुकलं की त्यातलं मीठ वर येतं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण नाशिकची बाई पाकीट उघडून बघते, घाबरते, आणि तुम्हाला फोन न करता ते फेकून देते. पुढच्या वर्षी मागवतही नाही. आपल्याला कारण कधी कळत नाही.

आता बघा, पाकिटाच्या मागे मी 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापू शकले असते. त्या जागेत हे छापलं आहे:

"सोलांवर पांढरं दिसलं तर घाबरू नका, ते मीठ आहे. बोटाला कोरडं, करकरीत लागतं आणि पाण्यात टाकलं की विरघळतं. कापसासारखं मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर मात्र ती बुरशी. तसं झालं तर मला फोटो पाठवा."

यात जाहिरातीचा एकही शब्द नाही. तरी हे वाचून लोक फोन करतात आणि बोलता बोलता आगळही मागवतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न रंगाचा. "तुमची सोलं एवढी काळी का? जुनी आहेत का?" रातांबा झाडावर लालजांभळा असतो, पण पुटं देऊन, वाळून सोल काळपटच होतं. रंग बघायचा तर वाटीत कोमट पाणी घेऊन दोन सोलं टाकायची. लाल रंग सुटतो. हे मी सांगत बसण्यापेक्षा 'दोन सोलं पाण्यात टाकून बघा' एवढंच लिहिते. बघितल्यावर पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. तुमच्या मालात असं काही असेल, जे गिऱ्हाईक घरी स्वतः करून बघू शकतं, तर ते सगळ्यात वर लिहा.

तिसरा प्रश्न सरबत आणि आगळ यातला फरक. तो वर आलाच. तो इतक्या वेळा येतो की आता आगळाच्या बाटलीवर नावाखाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ आहे: 'हे खारट आहे. सरबत नाही.' छापखान्यातले म्हणाले, ताई, आपल्याच मालावर असं कोण लिहितं? मी लिहिते. सरबत समजून आगळ नेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

बाकीचे प्रश्न छोटे आहेत, उत्तरंही छोटी. सोलकढी पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू का? नको, आंबट आहे, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. आगळ फ्रिजबाहेर टिकतं का? टिकतं, त्यात मीठ भरपूर असतं, फक्त ओला चमचा घालू नका. सरबताला पाणी किती? एका वाटीला पाच वाट्या, मग तुमच्या जिभेप्रमाणे.

वहीत लिहिताना गिऱ्हाइकाचे शब्द बदलू नका म्हटलं, त्याला कारण आहे. लोक 'आमसुलं' म्हणतात, आम्ही 'सोलं' म्हणतो, गोव्याकडचे आणखी काही म्हणतात. पुण्याचं माणूस गुगलवर 'आमसूल' शोधणार. म्हणून मी एकदा 'सोलं, म्हणजे आमसुलं' लिहिते आणि पुढे माझाच शब्द चालवते. दोन ओळींत त्यांनाही सवय होते.

विशेषणं कापा, काही तर कायद्यानेही कापावी लागतात

शुद्ध, अस्सल, उत्कृष्ट, दर्जेदार, खास, स्वादिष्ट, नैसर्गिक. यातला प्रत्येक शब्द आला की स्वतःला विचारा, हे मला कशावरून माहीत आहे? जे उत्तर येईल तेच लिहा. 'अस्सल' का? कारण रातांबे आमच्या परड्यातले आणि शेजारच्या दोन वाड्यांतले आहेत. मग 'रातांबे आमच्या परड्यातले आणि शेजारच्या दोन वाड्यांतले' असं लिहा. 'दर्जेदार' का? कारण किडका रातांबा आम्ही हाताने बाजूला काढतो. मग ते लिहा. काहीच उत्तर आलं नाही तर शब्द काढून टाका, तो फुकट जागा अडवून बसला होता.

खाण्याच्या वस्तू विकत असाल तर यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बायकांना कोणी सांगत नाही. एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे 2018 चे नियम आहेत. त्यात 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर', 'ट्रॅडिशनल' असे शब्द कधी वापरायचे याच्या अटी घातलेल्या आहेत. एखादा पदार्थ खाल्ल्याने रोग बरा होतो असं तर लिहिताच येत नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि आमच्याकडे काय लिहितात? 'कोकम प्या, चरबी वितळवा.' 'मधुमेहावर रामबाण.' 'पित्ताचा समूळ नाश.' कोणीतरी पुढे ढकललेल्या मेसेजमधून हे उचललेलं असतं आणि खाली आपला फोन नंबर घातलेला असतो!

दावा न करताही सांगता येतं. आपण घरी ती वस्तू कधी आणि कशी खातो, तेवढं सांगायचं. "शेतातून उन्हाचं घरी आलं की आमच्याकडे आधी कोकम सरबताचा तांब्या पुढे येतो." "माशाचं जेवण झालं की सोलकढी. भातावरही घेतो, नुसतीही पितो." यात औषध नाही, आमची रीत आहे, आणि ती खरी आहे. कोकमतेलाचंही असंच. 'टाचांच्या भेगांवर गुणकारी औषध' म्हणू नका.

मानांकनाबद्दलही तेच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, मिळालं, हापूसला 2018 मध्ये. म्हणून पाकिटावर ते चिन्ह कोणीही छापावं असं नाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. नोंद असेल तर अभिमानाने छापा. नसेल तर गावाचं नाव लिहा. ते तुमच्याकडून कोणी काढून घेत नाही.

मी की आम्ही

एकटी करत असाल तर 'मी' लिहा. 'आमची टीम आपल्या सेवेस तत्पर आहे' असं लिहायचं आणि फोन उचलल्यावर मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची, हे बरं नाही. उलट 'मी एकटीच करते, दुपारी दोन ते चार फोन उचलत नाही' असं लिहिलंत तर लोक चारनंतर करतात, कुरकुर न करता. गट असेल तर 'आम्ही सातजणी' लिहा.

'आपण' की 'तुम्ही'? माझ्या मते 'तुम्ही'. 'आपल्या पसंतीस उतरेल अशी आशा आहे' हे लग्नपत्रिकेत शोभतं. 'ग्राहकराजा'ही नको, दुकानात आलेल्या माणसाला तोंडावर 'या राजे' म्हणणार आहात का?

कर्मणी प्रयोगाची मराठी धंद्यातून हाकलून द्या. 'ऑर्डर स्वीकारली जाईल', 'माल घरपोच पाठविण्यात येईल', 'योग्य ती काळजी घेण्यात येते'. कोण घेतं काळजी? 'ऑर्डर घेते', 'कुरिअरने पाठवते', 'बाटली कागदात गुंडाळून, मग खोक्यात घालते'. आणि 'केले, दिले, चांगले' की 'केलं, दिलं, चांगलं'? मेसेजमध्ये बोलण्यातलं 'केलं' लिहा, पण मग शेवटपर्यंत तेच. अर्ध्यात बदललं की दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

बोली किती वापरावी, हे मला फार विचारतात. सगळा मेसेज मालवणीत लिहिला तर आपल्या गाववाल्यांना गंमत वाटते, पण ते आपलं गिऱ्हाईक नाही, त्यांच्या घरात सोलं आहेत. एखादं वाक्य ठेवा, जे न कळलं तरी काम अडत नाही. माझ्या सरबताच्या खोक्यात एक चिठ्ठी असते, तिच्या शेवटी 'पियालास की कळवा हां' एवढं असतं. बस झालं.

आणि आजीला थोडी विश्रांती द्या. 'आजीच्या हातची चव', 'आईच्या मायेचा स्पर्श' हे आता बिस्किटाच्या कारखान्यातूनही येतं. तुमच्या आजीने खरोखर काही शिकवलं असेल तर ते काय, तेवढंच लिहा. आमच्या एका शेजारणीने लिहिलं आहे, 'सासूबाई मीठ मापाने घालत नसत, मी वजन करून घालते, म्हणून दर वर्षीची चव सारखी येते.' सासूबाईंना राग आला नाही, आणि ओळ मला फार आवडते.

हल्ली मोबाइलवर एक वाक्य टाकलं की मशीन अख्खा मजकूर लिहून देतं. मुलं आईला तसं करून देतात. त्यात 'निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या ताटापर्यंत' असं असतंच असतं. मशीन वापरायला माझी ना नाही, पण त्याला तुमचं बोललेलं द्या आणि शुद्धलेखन तेवढं तपासून घ्या. मीठ, बुरशी आणि कपाटातला ब्लाऊज त्याला ठाऊक नाही.

भाव, उशीर आणि 'नाही'

भाव लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' हे मला बिलकुल पटत नाही. निम्मी माणसं संकोचाने विचारतच नाहीत. अर्धा किलोचा भाव, एक किलोचा भाव, कुरिअर वेगळं की धरून, पैसे आधी की नंतर, असं चार ओळींत सांगा. महाग असेल तर कारण भावाच्या शेजारीच सांगा, माफी मागू नका.

वाईट बातमी मात्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात साध्या भाषेत. 2025 मध्ये मॉन्सून 25 मे रोजीच तळकोकणात येऊन थडकला. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. सोलांचं वाळवण अंगणात असण्याचे ते दिवस, आणि ऊनच नाही. ज्यांनी आगाऊ मागणी नोंदवली होती त्यांना एका ओळखीच्या विक्रेत्याने कळवलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव पुरवठ्यास विलंब होत आहे, तसदीबद्दल क्षमस्व.' त्याला दिवसभर फोन येत होते, काय झालं म्हणून. माझा मेसेज असा होता:

"नमस्कार. या वर्षी सोलं कमी आहेत. पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे अर्धं वाळवण उचलून घरात आणावं लागलं. घरात सोलं नीट वाळत नाहीत आणि अशी सोलं मी पाठवत नाही. जी उन्हात वाळली तेवढीच विकते आहे, एका घराला अर्धा किलो. ज्यांनी जास्त सांगितलं होतं त्यांचे उरलेले पैसे परवापर्यंत परत करते. आगळ आणि सरबत भरपूर आहे, त्याला ऊन लागलं नाही तरी चालतं असं नाही, पण ते पावसाआधीच तयार झालं होतं."

शेवटचं वाक्य जरा लांबलं आहे, पण सरबताला बरणी उन्हात ठेवावी लागते हे जाणकार गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, आणि तो विचारणारच. म्हणून ठेवलं.

काय विकत नाही तेही लिहा. 'लोणची करत नाही.' 'आंब्याच्या पेट्या पाठवत नाही, आंबा माझा नाही.' एवढ्याने रोजचे चार फोन वाचतात, आणि जे विकता त्यावर लोकांचा विश्वास बसतो.

कुठे काय

लेबलावरची सरकारी माहिती सरकारीच राहू द्या. घटक पदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक, यात गप्पा मारू नका. गप्पांना पाकिटाची मागची बाजू आहे.

गुगलवरच्या व्यवसायाच्या ओळखीत 750 अक्षरं बसतात. त्यातल्या पहिल्या दोन ओळींत तुम्ही काय विकता, कुठल्या गावात आणि कधी, हे यावं. 'स्थापना', 'ध्येय', 'दृष्टिकोन' नको. रस्ता सांगताना वाटेत भेटलेल्या माणसाला सांगता तसा सांगा: कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने या, अमुक देवळाच्या पुढे चिऱ्याचं घर, अंगणात बरण्या दिसतील.

व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. आज आगळाचं सांगायचं तर आगळाचंच. स्टेटसवर मी फोटोखाली फक्त काय चाललंय ते लिहिते: 'आज तिसरं पूट.' लोक विचारतात, पूट म्हणजे काय? उद्याचा मेसेज तयार झाला. 'त्वरा करा', 'मर्यादित साठा' हे खरंच साठा संपत आला असेल तेव्हाच.

तक्रारीचं उत्तरही लिखाणच आहे, आणि ते बाकीचे सगळे वाचतात. गटातल्या एकीच्या गिऱ्हाइकाने लिहिलं की बाटली वाटेत गळाली. ती 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं लिहायला निघाली होती. फोनवर त्या बाईंना काय सांगितलंस, असं मी विचारलं, आणि तेच लिहायला लावलं: "ताई, झाकण प्रवासात सैल झालं असणार. दुसरी बाटली उद्या पाठवते, पैसे नकोत. आता झाकणाला टेप लावून पाठवायला लागलो आहोत. आगळ कपड्यांवर सांडलं असेल तर लगेच गार पाण्यात टाका, वाळू देऊ नका."

पाठवण्याआधी सगळं एकदा मोठ्याने वाचा, शक्यतो फोनवर बहिणीला. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. जिथे ती मधेच म्हणते 'हे कोणी लिहिलं?' ती ओळ काढा. भाव, फोन नंबर आणि तारीख मात्र दोनदा तपासा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक लोक पोटात घालतात, भावातली घालत नाहीत.

आणि हंगाम बदलला की मजकूर बदला. आमच्याकडे जून लागला की रातांबे संपतात, तरी कित्येकींच्या ओळखीत गणपतीपर्यंत 'ताजे रातांबे मिळतील' असंच असतं. मी कॅलेंडरवर 1 जून आणि 1 मार्चला खूण करून ठेवली आहे. जूनमध्ये ती ओळ काढायची आणि 'सोलं, आगळ, सरबत तयार आहे' घालायची. मार्चमध्ये लिहायचं, 'रातांबे एप्रिलच्या शेवटी येतील, ज्यांना कच्चे हवेत त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.'